सहा आठवडे, आम्ही दोघंच

आमचं लग्न झालं आणि बाराव्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला. ह्यांनी साचेखात्यातून, म्हणजे कापड विणणाऱ्या साच्यांच्या खात्यातून, चार दिवसांची रजा मागून घेतली होती, महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं, मी त्यासाठी नवीन स्वेटरही आणला होता. पण गिरणीच बंद, मग रजा कसली? सासरे म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांत मिटेल, मग जा निवांत." तो संप रीतसर मागे असा कुणी कधी घेतलाच नाही. आम्हीही गेलो नाही.

लालबागच्या चाळीत आमची एकच खोली. त्यात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद, गावाहून आलेले दोन चुलत सासरे आणि नवीन लग्न झालेले आम्ही. दोघांना काही बोलायचं असेल तर मासळी आणायला बाहेर पडायचं. लालबागच्या बाजारात मासळी मिळत नव्हती असं नाही, पण आम्ही चालत पार वरळी कोळीवाड्यापर्यंत जायचो. "तिकडची ताजी असते," असं मी सासूबाईंना सांगायचे. त्या कधी अडवायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "इतक्या लांबसून हाडतास, ती ताजी रवता काय गो?" आणि तोंड फिरवून हसल्या.

ह्यांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. ह्यांनी हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलले, मग टेम्पो शिकले आणि तीसेक वर्षं टेम्पोच चालवला. त्याच दुकानांच्या साड्यांना मी घरी बसून फॉल लावायचे. मुलगी झाली, शिकून नर्स झाली, न्यूझीलंडला गेली, तिथल्याच एका मराठी मुलाशी तिने लग्न केलं. सासू-सासरे गेले, दीर-नणंद आपापल्या घरी गेले. पण त्या खोलीत आम्ही दोघंच असे कधी राहिलोच नाही. कुणाचं कॉलेज, कुणाचं बाळंतपण, कुणाचं डोळ्यांचं ऑपरेशन. गावचं कुणी ना कुणी असायचंच.

साठी उलटल्यावर ह्यांनी टेम्पो सोडला आणि त्याच महिन्यात मुलीचा फोन आला.

"आई, जानेवारीत या. इथे घरासारखी गाडी भाड्याने मिळते. आत पलंग, गॅस, बेसिन सगळं. आपण चौघं सहा आठवडे अख्खा देश फिरू. नाही म्हणू नकोस, तिकिटं काढलीत."

हे शेजारी बसून ऐकत होते. हे एरवी माझ्यासारखंच मुंबईचं बोलतात, पण खुशीत आले किंवा घाबरले की मालवणीवर जातात. त्यांनी एवढंच विचारलं, "स्टिअरिंग खंयच्या बाजूक?"

"उजवीकडे, बाबा. आपल्यासारखंच."

"मग मीच चालवतलंय."

त्या दिवसापासून आमची जी गडबड उडाली! ह्यांनी परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला आणि तो शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवून आले. मी मसाला कुटला, आमसुलं घेतली. वरळी कोळीवाड्यात ज्या मावशींकडून इतकी वर्षं मासळी घेतली त्यांच्याकडून सुके बोंबील घेतले. त्यांनी ते एका पिशवीत, ती कागदात, तो कागद पुन्हा पिशवीत असे बांधले आणि म्हणाल्या, "विमानात वास सुटला तर माझ्याकडनं घेतले सांगू नको हां." गावच्या दिरांनी मधाची बाटली पाठवली होती, तीही घेतली.

सिंगापूरला विमान बदललं. तिथून ऑकलंड दहा तास. माझ्या पलीकडची बाई एकामागून एक सिनेमे बघत होती. ह्यांनी मात्र समोरच्या पडद्यावर नकाशा लावला आणि त्यावरचं ते चिमुकलं विमान दहा तास नजरेआड होऊ दिलं नाही. तीस वर्षं ड्रायव्हर, दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन झोपायचं कसं? मला डोळा लागला की कोपर मारायचे.

"समुद्र आला."

तासाभराने परत.

"अजून समुद्रच आहे."

उतरल्यावर सामानात काय काय आहे ते लिहायचा कागद होता. ह्यांनी भीतीने सगळ्या चौकोनांत 'हो' अशी खूण केली. खाण्याचे पदार्थ, हो. झाडं, हो. प्राणी, हो. मी म्हटलं, "अहो, प्राणी कुठे आहेत?" तर म्हणाले, "बोंबील काय झाडाक लागतत?"

आमची रांगच वेगळी निघाली. तिथे एक कुत्रा आला, थेट आमच्या बॅगेसमोर बसला आणि उठेचना. मग एक उंच, भरदार, मोकळ्या चेहऱ्याच्या बाई आल्या. त्या तिथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी होत्या, हे नंतर मुलीने सांगितलं. त्यांनी पिशवी सोडली, कागद सोडला, दुसरी पिशवी सोडली. वास असा सुटला की शेजारच्या रांगेतली माणसं मागे वळली. मी हात जोडले आणि जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं बोलून टाकलं, "फिश. ड्राय. बॉम्बे."

बाईंनी एक बोंबील उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मोठमोठ्याने हसायला लागल्या. हळूहळू, मला कळेल असं त्या बोलल्या. त्यांची आजी परसात दोरीवर मासे वाळवायची, आणि शाळेत मुली त्यांच्या शेजारी बसायच्या नाहीत. बोंबील त्यांनी नीट बांधून परत दिले, मध मात्र त्या देशात न्यायला बंदी, तो ठेवून घेतला. बाहेर आल्यावर मुलगी गळ्यात पडली, मग नाक वर करून म्हणाली, "आई, तू घरचा वास आणलास."

आता खरी गंमत. पोहोचून दोन दिवस झाले, गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार, आणि मुलीच्या हॉस्पिटलमधल्या दोन नर्स एकदम आजारी पडल्या. तिची रजा रद्द. ती रडकुंडीला आली. जावई म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही हिच्यापाशी राहा," हे म्हणाले. "आम्ही जातो."

"बाबा, दोघंच? सहा आठवडे?"

"परळ नाक्यावरून गणपतीच्या दिवसांत टेम्पो काढलाय मी. इथे तर रस्त्यावर माणूसच नाही."

जावयांनी फोनवर नकाशा लावून दिला, कुठे मुक्काम करायचा त्या जागा लिहून दिल्या, पाणी कुठे भरायचं, गॅस कसा बंद करायचा ते शिकवलं. गाडी घ्यायला गेलो तर ती पांढरीशुभ्र, लांबलचक. ह्यांनी तिला प्रदक्षिणा घातली, चारी टायर पायाने दाबून पाहिले, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. मग भारतीय दुकानातून आणलेला नारळ काढला आणि तिथेच अंगणात फोडला. गाडी देणारे गृहस्थ, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेले, धावत आले आणि चाकांखाली वाकून पाहू लागले. त्यांना वाटलं गाडीतून पाणी गळतंय. मी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आणखी मागितला, आणि आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत दोन्ही हात हलवत उभे राहिले.

रस्ता रिकामा. दोन्ही बाजूला हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या. मला आठवेना की आम्ही दोघंच असताना काय बोलतो. मग ह्यांनी एकाएकी हॉर्न वाजवला.

"कोण होतं?" मी दचकून विचारलं.

"कोणी नाही. हात वळवळत होता."

पुढे एका गावात मोठं गोल चक्कर आलं. फोनमधली बाई इंग्रजीत सांगायची की दुसऱ्या वाटेने बाहेर पडा, आणि ते मोजायचं काम माझ्याकडे. मी पहिली वाट सोडली, दुसरी म्हणेपर्यंत तीही गेली. हे म्हणाले, "सांग की!" मी म्हटलं, "आता परत पहिलीपासून मोजावं लागेल." दुसरी फेरी. तिसरी फेरी. एका अंगणात गवत कापणारे आजोबा प्रत्येक फेरीला आमच्याकडे बघून टोपी उचलायचे. चौथ्या फेरीला ह्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सलाम ठोकला, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. माझं बघून हे हसायला लागले. शेवटी जी समोर दिसली त्या वाटेने बाहेर पडून एका झाडाखाली गाडी थांबवावी लागली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझं पोट दुखत होतं. मी म्हटलं, "अहो, पुरे." ते म्हणाले, "तू पुरे कर आधी." आणि परत सुरू.

त्यानंतर आमचं बोलणं थांबलंच नाही. पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. चाळीत सगळं दबक्या आवाजात बोलायची सवय. इथे हे गाडी चालवता चालवता मोठ्याने गावचा दशावतार करून दाखवायचे, राजा, राक्षस आणि राणी तिन्ही आवाजांत. मी गाडीतल्या दोन शेगड्यांवर कधी भात-बोंबील, कधी पिठलं करायचे. ते एवढंसं घर आमच्या खोलीच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पण त्यात कुणाची अंथरुणं उचलायची नव्हती, कुणाला आधी वाढायचं नव्हतं. दुपारी बारा वाजता ह्यांनी मला म्हटलं, "झोप येते तर झोप की." दुपारी बारा वाजता! मी झोपले. उठले तर हे पायरीवर बसून कांदा चिरत होते. कांद्याचे तुकडे गोट्यांएवढे, मी ते तसेच पिठल्यात घातले.

दहा-बारा दिवसांनी एका मोठ्या तळ्याकाठी मुक्काम होता. तिथे गाड्यांसाठी मोकळं मैदान आणि एका टोकाला कपडे धुवायच्या मशीनची खोली होती. संध्याकाळचे सात वाजले होते, पण तिकडे उन्हाळ्यात तेव्हा लख्ख ऊन असतं. मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आले आणि बघते तर मैदानात चाळीस-पन्नास गाड्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या लांबलचक. आमची कुठली? मी अंदाजाने एका गाडीचं दार उघडून आत चढले. आत एक गोरे आजी-आजोबा पत्ते खेळत होते. आजींनी पत्ते खाली ठेवून मला बसायला जागाच करून दिली. मी "सॉरी सॉरी" करत खाली उतरले. दुसऱ्या गाडीत कुत्रा भुंकला. मग मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले आणि हाक मारली, "अहो!"

कुणी नाही.

"अहोऽऽ!"

दोन-चार खिडक्यांतून माणसं डोकावली. हे काही नाही. मला वाटलं, इथे 'अहो' म्हणजे कोण हे कुणाला कळणार? आणि ह्यांना तरी एवढ्या लांबून ते कसं ऐकू जाणार? मी बादली खाली ठेवली, छाती भरून श्वास घेतला आणि ह्यांचं नाव घेऊन हाक मारली. नुसतं नाव. लग्नात उखाणा घेतला तेव्हा ते एकदा ओठांवर आलं होतं, त्यानंतर कधी नाही.

समोरच्याच, अगदी चार पावलांवरच्या गाडीचं दार धाडकन उघडलं. हे बाहेर आले. अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, हातात वस्तरा, खांद्यावर पंचा.

"काय म्हटलंस?"

"काही नाही. गाडी सापडत नव्हती."

"नाही, काय म्हटलंस ते परत म्हण."

मी पदर तोंडाला लावला. भर मैदानात, अर्धी दाढी केलेला माणूस हट्ट धरून उभा. ते पत्तेवाले आजी-आजोबाही दारात येऊन बघायला लागले. मी परत म्हटलं, आता हळू. ह्यांचे कान लालबुंद झाले. नवऱ्याला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतरचे सगळे दिवस ह्यांना 'अहो' म्हटलं की ऐकूच येत नसे.

मग बोटीने समुद्र ओलांडून आम्ही दक्षिणेकडच्या बेटावर गेलो. बर्फाचे डोंगर पाहिले, निळीसारख्या निळ्या रंगाची तळी पाहिली. ह्यांना एकाच गोष्टीचा सगळीकडे संकोच वाटायचा, इंग्रजीचा. पेट्रोल पंपावर, दुकानात, कुणी काही विचारलं की हे माझ्या मागे सरकायचे, आणि माझंही इंग्रजी ते काय! कुणाशी दोन शब्द बोलता येत नाहीत याचं ह्यांना फार वाटायचं.

एका छोट्या गावात जुनी लोकरीची गिरणी होती. गिरणी बंद झालेली, पण गावकऱ्यांनी तिथले काही साचे जपून ठेवले होते आणि पाहुण्यांना चालवून दाखवायचे. बाहेर साच्याचं चित्र रंगवलेलं होतं, ते पाहून ह्यांनी न विचारताच गाडी वळवली. आत पंधराएक माणसं उभी होती. साच्याशी एक म्हातारी बाई, केस पांढरे, डोळ्यांना जाड चष्मा, अंगात निळा डगला. त्यांनी इंग्रजीत बरंच काही सांगितलं, मग खटका ओढला.

मी लालबागची. लहानपणी तो आवाज आमच्या भिंतींतून यायचा. पण एकच साचा एवढ्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. धोटा इकडून तिकडे धावू लागला, जमीन हादरायला लागली, कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येईना. हे पुढे सरकत सरकत पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपर्यंत गेले. आणि एकदम ह्यांनी हात वर करून दोन बोटांनी काहीतरी खूण केली. बाईंनी वाकून पाहिलं आणि साचा थांबवला. डाव्या बाजूला एक धागा तुटला होता. त्यांच्या लक्षात यायच्या आधी ह्यांनी पाहिला होता.

बाईंनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हात मागे घेतला, जणू चोरी पकडली गेली. तर त्यांनी दोरी उचलली आणि आत यायची खूण केली. हे आत गेले. तुटलेली टोकं बोटांत धरली आणि काय केलं मला कळलं नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ बसली. बाईंनी परत खटका ओढला आणि त्या गोंगाटात दोघं बोलायला लागले. खरंच सांगते, बोलायला लागले! हातांनी, ओठांनी, भुवयांनी. त्यांनी दोन हात पसरून काहीतरी विचारलं, ह्यांनी चार बोटं दाखवली. चार साचे सांभाळायचो. त्यांनी कमरेवर हात ठेवून मान हलवली, ह्यांनी छाती फुगवली. मग त्यांनी कानाकडे बोट दाखवलं आणि तोंड वाकडं केलं, ह्यांनीही साच्यांच्या आवाजाने मंद झालेल्या आपल्या डाव्या कानाकडे बोट दाखवलं, आणि दोघं एकदम हसले. साचेखात्यात सगळे असेच बोलायचे, असं हे मला पूर्वी सांगायचे. पण ती बोली समुद्रापलीकडेही चालते, हे ह्यांनाही कुठे ठाऊक होतं?

अर्धा तास चाललं ते. बाकीचे पाहुणे साच्याऐवजी ह्या दोघांनाच बघत होते. निघताना त्या बाईंनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ह्यांच्याशी पहिल्यांदाच तोंडाने काही बोलल्या. ह्यांना शब्द कळला नाही. ते माझ्याकडे वळले नाहीत, मागेही सरकले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

गाडीत बसल्यावर मी वाट बघत होते, हे रडतात की काय. तर हे म्हणाले, "बाय सहा साचे सांभाळी होती गो! सहा! माझ्यापरास दोन जास्त!" आणि स्टिअरिंगवर थापा मारत हसत सुटले. ती खुशी अंगात मावेना. गावाबाहेर समुद्र लागला तशी ह्यांनी गाडी थांबवली, सदरा काढला आणि सरळ पाण्यात शिरले. पाणी असं गार की ह्यांच्या तोंडून निघालेली आरोळी लांबच्या बाकावरच्या जोडप्यानेही ऐकली.

"बाहेर या!" मी ओरडले.

"नावानं बोलाव, मग येतंय!"

मी मुलीने प्रवासासाठी दिलेली अंगातली ट्रॅकपँट गुडघ्यांपर्यंत वर केली आणि नाव घेण्याऐवजी स्वतःच पाण्यात उतरले. पहिल्याच लाटेने कमरेपर्यंत भिजले. ह्यांनी हात धरला. दोघं दात वाजवत, किंचाळत, एकमेकांवर पाणी उडवत होतो आणि बाकावरचं ते जोडपं उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

त्यातच किनाऱ्यावर ठेवलेला फोन वाजला. मुलगी होती, आणि फोन व्हिडिओचा. मी ओल्या हाताने उचलला.

"आई! केस का भिजलेत? बाबा उघडे का आहेत? समुद्रात गेला होतात? त्या पाण्यात? या वयात? न्युमोनिया होईल! मी नर्स आहे, मला माहीत आहे! आत्ताच्या आत्ता कोरडे कपडे घाला. आणि बाबा, हसताय काय?"

"हसत नाय," हे म्हणाले.

ती बोलतच राहिली. आम्ही दोघं फोनसमोर माना खाली घालून उभे होतो, अंगावरून पाणी गळत होतं. खाली, तिला दिसणार नाही असं, हे मला कोपर मारत होते आणि मी ह्यांना.